‘नाही’ ऐकायला कोण शिकवणार?

आपल्या संघटनेतर्फे दरवर्षी शाळाशाळांतून ‘किशोरवयीन मुलींचे आरोग्य’ या विषयावर व्याख्याने होतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहेच. गेली बावीस वर्षे त्यांतली काही प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आली. कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. सभागृहात सतरंजीवर आठवी ते दहावीच्या मुली, कडेच्या खुर्च्यांवर मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षिका, टेबलावर गुलाबाचे फूल आणि झाकलेला पाण्याचा पेला. रक्तक्षय, पाळी, आहार, स्वच्छता, आणि शेवटची दहा मिनिटे ‘सावधगिरी’. एकटीने जाऊ नये, अनोळखी मुलाशी बोलू नये, कुणी छेड काढली तर घरी सांगावे. मग टाळ्या, आभार, उप्पीट आणि चहा. या सबंध तासात मुले कुठे असत? मुले मैदानावर असत. विषय मुलींचा म्हणून त्यांना खेळायला सोडलेले असे, आणि माझ्या बोलण्यात मधूनमधून त्यांचा ‘औट, औट’ असा गिलका मिसळत असे. त्यात काही खटकण्यासारखे आहे, असे मला अनेक वर्षे वाटले नाही. उलट शांततेसाठी मी खिडक्या लावून घ्यायला सांगत असे.

१८ एप्रिल २०२४ रोजी आपल्या विद्यानगरात एका महाविद्यालयाच्या आवारात दिवसाढवळ्या एका विद्यार्थिनीचा चाकूने भोसकून खून झाला. आरोपी तिचा पूर्वीचा वर्गमित्र. त्या धक्क्यातून गाव सावरते न सावरते, तोच १५ मे रोजी पहाटे वीरापूर ओणीत वीस वर्षांच्या एका मुलीचा तिच्या राहत्या घरात खून झाला. दोघींची नावे हुबळीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहेत. त्यांच्या घरच्यांनी ती पुरेशा वेळा छापलेली पाहिली असतील, म्हणून येथे पुन्हा लिहीत नाही. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. परंतु दोन्ही प्रकरणांत नकार न पचलेला तरुण असेच चित्र तपासातून पुढे आले. दुसऱ्या मुलीच्या घरच्यांनी धमकीची कल्पना पोलिसांना आधी दिली होती आणि ती गांभीर्याने घेतली गेली नाही, असा आरोप झाला. त्यावरून पोलिसांवर निलंबनाची कारवाईही झाली.

पहिल्या घटनेनंतर चर्चा काही तासांतच धर्माच्या अंगणात जाऊन पोहोचली. कोप्पीकर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाब मोजायला येणारा प्रत्येक जण त्या दिवसांत तेच बोलत होता, आणि त्याचा रक्तदाब मोजण्यात अर्थ नव्हता. सत्तावीस दिवसांनी दुसरा खून झाला, तेव्हा ते स्पष्टीकरण लागू पडेना. मग लोक ‘काळ वाईट आला आहे’ म्हणू लागले. हे वाक्य निदान म्हणून फार सोयीचे आहे. त्यावर उपचार करावा लागत नाही.

या मुली शाळकरी नव्हत्या, मग शाळांचा येथे काय संबंध, असे कुणी विचारील. डॉक्टरांच्या सभेत तरी याचे उत्तर कठीण जाऊ नये. संधिवाताच्या हृदयरोगात पंचविशीत निकामी झालेली झडप आपण पाहतो, पण रोगाची सुरुवात शाळेत असताना दुखलेल्या घशात असते. त्या घशाकडे ज्याने लक्ष दिले त्याने झडप वाचवली. हातात चाकू घेणारा तरुण पाचसात वर्षांपूर्वी कुठल्यातरी शाळेत नववीत बसलेला असतो. एखादीचा रस्ता अडवणे, तिच्या फोनवर पहारा ठेवणे, ‘तू त्याच्याशी का बोललीस’ म्हणून मनगट पिरगळणे या गोष्टी त्याच वयात सुरू होतात. त्यांतली बहुतेक प्रकरणे खुनापर्यंत जात नाहीत, हे खरे. ती लग्नापर्यंत जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशातील राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पती अथवा जोडीदार असलेल्या (किंवा पूर्वी असलेल्या) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी जगभरात २४ टक्के मुलींनी त्याच्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे.

महाराष्ट्राला हे दुखणे नवीन नाही. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला परीक्षा केंद्रात शिरून जाळण्यात आले. त्या वर्षी ज्यांच्या घरात शाळकरी मुलगी होती त्यांना तो दिवस आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला रस्त्यावर पेटवून दिले गेले, आठवडाभर झुंजून ती गेली. १२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात बिबवेवाडीत कबड्डीच्या सरावाला आलेली चौदा वर्षांची मुलगी मारली गेली. अशा प्रत्येक वेळी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दोन शब्द हमखास येतात: ‘एकतर्फी प्रेम’. मला या शब्दांचा आता संताप येतो. चोरीला कुणी एकतर्फी खरेदी म्हणत नाही. ज्याला दुसऱ्याची इच्छा ठाऊक आहे आणि ती मोडायची आहे, त्याच्या कृत्याला प्रेमाच्या जातीत बसवून आपण पुढच्या मुलाला एक सबब तयार करून देतो.

शब्दांचा विषय निघाला आहे तर आणखी थोडे. पंधरासोळा वर्षांच्या मुलामुलीला एकमेकांविषयी जे वाटते, त्याला आपल्या घरांत कोणते शब्द आहेत? लफडे, भानगड, प्रकरण. ‘तिचे काहीतरी चालले आहे.’ सगळे शब्द गुन्ह्याचे. आता अशा घरातल्या मुलीला तिच्या मित्राने मारले, तर तिने घरी काय सांगावे? त्याचा गुन्हा सांगण्याआधी तिला स्वतःचा कबूल करावा लागतो. आपण डॉक्टर मंडळी पाश्चात्त्य पुस्तकांतून या विषयाला नावे आणतो, पण मुलीच्या तोंडात देण्याजोगा एक साधा, निर्दोष मराठी शब्द आपण तिला दिलेला नाही. हुबळीतल्या आपल्या मुलांच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. ती शाळेत कानडी किंवा इंग्रजी बोलतात, घरी मराठी. प्रेमाचे बोलणे सिनेमातून आलेल्या हिंदीत होते. अवघड गोष्ट घरच्या भाषेत सांगण्याचा त्यांना सरावच नसतो.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे नोंदवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षातली एक मुलगी दोन महिन्यांत तीनदा डोकेदुखीसाठी आली. दर वेळी आई बरोबर. मी डोळे तपासायला पाठवले, रक्त तपासले, गोळ्या बदलल्या. तिसऱ्या खेपेला रक्तदाब घेण्यासाठी बाही वर केली तर मनगटावर निळसर वण. ‘बसच्या दांडीला लागले’, ती म्हणाली. तेवढ्यात मांडीवर उपडा ठेवलेला तिचा फोन थरथरला आणि त्याच्यापेक्षा ती अधिक थरथरली. हे मी पाहिले. पाहूनही मी आईकडे वळून म्हणालो, ‘अभ्यासाचा ताण आहे, दुसरे काही नाही.’ सहा आठवड्यांनी तिने कीटकनाशक घेतले. रुग्णालयाच्या कागदावर आणि पोलिसांच्या जबाबात कारण लिहिले गेले: ‘पोटदुखीला कंटाळून’. सुज्ञ वाचकहो, हे वाक्य आपण सर्वांनी किती कागदांवर पाहिले आहे! एवढी पोटे दुखतात आणि त्यांची एकही सोनोग्राफी कुणाला सापडत नाही.

ती वाचली. पुढे एका स्त्री डॉक्टरांना तिने सांगितले की शिकवणीतला मुलगा तिचा मित्र होता. फोनचा पासवर्ड सांगावा म्हणून त्याने हात पिरगळला होता. मैत्री तोडलीस तर फोटो वडिलांना दाखवीन, असे तो दोन महिने रोज लिहीत होता. तिने विष त्याच्या भीतीने घेतले नव्हते, घरी कळेल या भीतीने घेतले. मी आईला पाच मिनिटे बाहेर बसवून, परिचारिकेला आत ठेवून, ‘तुला कुणाची भीती वाटते का?’ एवढे विचारले असते तर तिने सांगितलेच असते, असा माझा दावा नाही. पण विचारणारे कुणीतरी आहे, हे तिला कळले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेत शिकवून हे टळते का? याची उत्तरे बऱ्यापैकी उपलब्ध आहेत आणि ती आपल्या व्याख्यानमालेला अनुकूल नाहीत.

कॅनडात डेव्हिड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ऑन्टारिओतील वीस शाळांत नववीच्या मुलांसाठी एकवीस तासांचा अभ्यासक्रम आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या विषयातच गुंफला. शिकवणारे त्यांचे नेहमीचेच शिक्षक. तासाचा मोठा भाग अभिनयातून सरावाचा: मित्राला नाही कसे म्हणायचे, नाही ऐकल्यावर काय करायचे, भांडण चिघळत असताना बाजूला उभ्या असलेल्याने काय बोलायचे. अडीच वर्षांनी पाहिले तेव्हा जोडीदारावर हात उचलल्याचे सांगणारे मुलगे इतर शाळांत ७.१ टक्के होते, या शाळांत २.७ टक्के. मुलींत मात्र असा फरक दिसला नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात १९९०च्या दशकात दहा तासांचा, एका छोट्या नाटकाचा आणि भित्तिपत्रकांच्या स्पर्धेचा कार्यक्रम चौदा शाळांच्या अभ्यासात तपासला गेला; त्याचा परिणाम चार वर्षांनंतरही टिकून होता.

मला सर्वांत विचार करायला लावले ते न्यूयॉर्क शहरातील प्रयोगाने. तेथे तीस शाळांची सहावी-सातवीची मुले चार गटांत विभागली होती. काहींना फक्त वर्गातले धडे मिळाले. काहींच्या वर्गात काहीच शिकवले नाही, पण शाळेच्या इमारतीत बदल केले. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. इमारतीतले बदल म्हणजे बांधकाम नव्हे. मुलांच्या हाती शाळेचा नकाशा देऊन, तुम्हाला कुठे सुरक्षित वाटते आणि कुठे भीती वाटते ते रंगवा, असे सांगितले गेले. ज्या जिन्यावर, ज्या मार्गिकेत भीतीचा रंग भरला तेथे शिक्षकांची उपस्थिती वाढवली गेली. त्रास देणाऱ्या विद्यार्थ्याकडून, अमुक मुलीपासून दूर राहीन, तिच्या वाटेवर थांबणार नाही, असा लेखी करार शाळेने करून घ्यायचा, अशी सोय केली. सहा महिन्यांनी निष्कर्ष आला तो असा: केवळ इमारतीच्या उपायांनी हिंसा कमी झाली, दोन्ही एकत्र केले तेथेही झाली, आणि नुसत्या धड्यांनी झाली नाही. वर्गात मूल्ये शिकवायची आणि वर्गाबाहेरच्या जिन्यावर कुणी पाहायचे नाही, याचा उपयोग शून्य.

आपल्याकडेही काम झाले आहे, आणि त्याची ओळख आपल्या संघटनेला असायला हवी होती. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रियांवर संशोधन करणारे एक आंतरराष्ट्रीय केंद्र यांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी स्त्रीपुरुष समतेचा कार्यक्रम पंचेचाळीस शाळांत करून पाहिला. मुंबईतच पुढे ‘परिवर्तन’ नावाच्या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केले गेले: सराव संपल्यावर दहापंधरा मिनिटे मुलींशी वागण्याबद्दल बोलायचे. मुलगा गणिताच्या बाईंचे ऐकेल न ऐकेल, पण आपल्या कोचचे ऐकतो, हे आपल्या नेहरू मैदानावर एक सकाळ घालवणाऱ्याला पटवून द्यावे लागणार नाही. हरियाणात ३१४ सरकारी शाळांच्या अभ्यासात निम्म्या शाळांमधून सातवी-आठवीच्या मुलामुलींशी अडीच वर्षे, दर तीन आठवड्यांनी, पाऊण तास चर्चा झाली. तिने बदललेली मते कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही टिकली होती, आणि वागणुकीतला बदल मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसला.

आणि बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला प्रयोग, जो आपल्या शेजारच्या गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने केला आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नववीच्या मुलांसाठी एकच कार्यक्रम काही शाळांत तेथल्याच शिक्षकाने राबवला आणि काही शाळांत त्यासाठी नेमलेल्या समुपदेशकाने. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. थोड्या प्रशिक्षणाने तयार केलेली सामान्य माणसे होती. त्यांच्या शाळांत मारहाण, दादागिरी, नैराश्य सारे लक्षणीय कमी झाले. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरकच पडला नाही. कॅनडातले शिक्षक यशस्वी झाले आणि नालंदातले नाहीत, याचे कारण मी असे लावतो की आपल्या शिक्षकाच्या डोक्यावर जनगणनेपासून मध्यान्ह भोजनापर्यंत दहा कामे आहेत आणि शिवाय गुणपत्रिका त्याच्याच हातात आहे. ज्याच्या हातात गुण, त्याला मनातले कोण सांगेल? त्या कार्यक्रमात शाळेत एक पेटी टांगलेली असे, बोलण्याची पेटी. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची.

हे वाचून २०२४च्या ऑगस्टमध्ये मी एका शाळेच्या मुख्याध्यापकांना अट घातली की मुलगे आत बसत असतील तरच येईन. त्यांनी बराच विचार करून हो म्हटले. बुटाच्या रिकाम्या खोक्याची पेटी केली. शेवटी उघडली तर त्रेचाळीस चिठ्ठ्या. निम्म्या थट्टेच्या होत्या, काही मुरमांच्या, दोन माझ्या टकलाविषयी. एक मुलाच्या अक्षरातली, कानडीत: ‘ती ब्याड म्हणाली तर परत किती वेळा विचारायचे? सिनेमात शेवटी हो म्हणते.’ दुसरी बहुधा मुलीची: ‘आधी हो म्हटले असेल तर नंतर नाही म्हणता येते का?’

पहिली मी मोठ्याने वाचली आणि म्हणालो, ‘एकदाही नाही.’ सभागृह हसले. त्या हसण्यात कुणीतरी एक हसत नसणार, त्याला मी शोधू शकलो नाही. दुसरी वाचेपर्यंत घंटा झाली. बावीस वर्षांत मला विचारले गेलेले हे दोन सर्वांत गंभीर वैद्यकीय प्रश्न, आणि त्यांच्या वाट्याला माझे चार शब्द आले. त्या मुलाला ‘नाही’ऐवजी काय करावे हे कळायला हवे होते: नकार ऐकल्यावर छातीत जी आग होते ती किती दिवस टिकते, तेव्हा कुणाशी बोलायचे, मित्र ‘सोडू नकोस’ म्हणून डिवचू लागले तर काय उत्तर द्यायचे, तिच्या घराच्या रस्त्याने जाणे का बंद करायचे. हे तासभरात होत नाही. व्याख्यानाने तर होतच नाही. ते पोहण्यासारखे आहे, करून पाहावे लागते.

कायद्याचा विषय आपल्या सभासदांना नेहमी अडवतो, म्हणून थोडक्यात. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध, संमती असो वा नसो, २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार आपल्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत, तिने व पालकांनी विनंती केल्यास, कळवताना तिचे नाव उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने दिली आहे. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. फोटोंच्या धमकीसाठी १९३० हा सायबर क्रमांक, मुलांसाठी १०९८. हे सगळे मुलांना पहिल्याच तासाला सांगितले पाहिजे, आणि हेही की कोणती गोष्ट आम्हाला गुप्त ठेवता येणार नाही. आधी ‘विश्वासाने सांग’ म्हणायचे आणि मग ठाण्यात फोन करायचा, याने एक मूल गमावते आणि त्याच्या मागे उभे असलेले पन्नास गप्प होतात. कायद्याच्या कडकपणाविषयी माझे मत वेगळे असू शकते, तुमचेही असेल. पण मुलाला अंधारात ठेवण्याचे समर्थन कोणत्याही मताने होत नाही.

खरी अडचण पालकांची आहे, आणि ती आपल्याच समाजातली म्हणून मोकळेपणाने लिहितो. मुलीने काही सांगितले की पहिल्या दिवशी फोन जातो, दुसऱ्या दिवशी शिकवणी, महिन्याभरात शाळा, आणि दहावीचा निकाल लागायच्या आत बेळगाव-निपाणीकडची स्थळे येऊ लागतात. मुलाच्या घरी काय होते? ‘वयच तसे आहे’ म्हणून हसण्यावारी. हे मुलींना चांगले ठाऊक असते. म्हणून कोणताही कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी पालकांची सभा घ्यावी आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घ्यावी: मुलीने संकट सांगितले तर तिचे शिक्षण थांबवणार नाही. मागच्या वर्षी एका पालक सभेत मी हे बोललो तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्हाला मुलगी आहे का?’ आहे. तिची पंधरावी-सोळावी वर्षे आठवून मी त्यांना छातीठोक उत्तर देऊ शकलो नाही. तिनेही तेव्हा काही सांगितले असते तर मी वेगळा वागलो असतो, याची मला खात्री नाही.

कार्यकारिणीपुढे मी जो प्रस्ताव ठेवला आहे तो असा. यंदा चौदा शाळांतली व्याख्याने बंद करावीत आणि त्याऐवजी दोनच शाळा घ्याव्यात, पण आठवी-नववीचे वर्ग दोन वर्षे सोडू नयेत. महिन्यातून दोन तास, मुलगे आणि मुली एकत्र. काही तास वेगळे. भाषा कानडी, कारण वर्गाची भाषा ती आहे; आपल्या मराठीच्या अभिमानासाठी दुसरी जागा शोधावी. दोन्ही शाळांसाठी मिळून एक समुपदेशक नेमावा, त्याच्या प्रशिक्षणासाठी धारवाडच्या डिमहान्सला विनंती करावी. खेळाच्या शिक्षकांना पहिल्यापासून बरोबर घ्यावे. मुलांकडून नकाशे रंगवून घ्यावेत, आणि त्यांत शाळेच्या भिंतीबाहेरचा भागही असावा: सायकलींची जागा, शिकवणीची गल्ली, चिगरी बसचे स्थानक. पेटी कायमची टांगावी आणि दर आठवड्याला उघडावी. एखादे मूल दवाखान्यात पाठवावे लागले तर कोणत्या वेळी कोणता डॉक्टर त्याला रांगेत न बसवता पाहील, याची यादी आधी तयार असावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘स्नेहा’ क्लिनिक आहेत, त्यांच्याशी ती जोडावी.

आक्षेप आले आहेत. चौदा शाळांची दोन केल्याने आपले काम कमी दिसेल, वृत्तपत्रांत फोटो कमी येतील, बारा मुख्याध्यापक रागावतील. तिन्ही खरे आहेत. ‘लहान वयात नको ते सुचेल’ हाही आक्षेप आहे. २००७ च्या सुमारास कर्नाटक आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतले किशोर शिक्षण याच कारणाने अडवले होते. त्या वर्षी आठवीत असलेली मुले आज तिशीत आहेत, त्यांना काय सुचायचे राहिले ते त्यांनाच विचारावे. पैशाचे म्हणाल तर समुपदेशकाचे मानधन या स्मरणिकेच्या जाहिरातींच्या शिल्लक रकमेतून वर्षभर भागते, हे खजिनदारांनी हिशेब करून सांगितले आहे. दुसऱ्या वर्षाचे अजून ठरलेले नाही.

शाळा जूनच्या आरंभी सुरू होतात, तेव्हा मेअखेर दोन्ही पालक सभा व्हायला हव्यात. मला वर्गावर बरोबर येणारे चार डॉक्टर हवे आहेत, त्यांत दोघे तरी चाळिशीच्या आतले असावेत. आमच्या वयाच्या माणसाने नकाराविषयी बोलले की मुले आजोबांचे ऐकावे तसे ऐकतात. इच्छुकांनी रविवारखेरीज कोणत्याही दिवशी संध्याकाळी आठनंतर कोप्पीकर रोडवर दवाखान्यात यावे. त्या त्रेचाळीस चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. प्रत्येकाने आधी त्या वाचाव्यात आणि त्या दोन प्रश्नांचे आपले उत्तर एका कागदावर लिहून आणावे; पहिल्या बैठकीत आपण तेवढ्यावरच बोलू.